बाटलीतल्या जिवाणूला दार आहे का? खान्देशातल्या कृषी सेवा केंद्रचालकांना खुले पत्र

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या सर्व बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माझं माहेर धुळे तालुक्यात, पांझरेच्या काठी. आप्पांच्या वेळेपासून घरात कपाशी, मका आणि थोडा गहू. आता ती शेती धाकटा भाऊ बघतो. हे पत्र त्याच्या दोन एकर कपाशीमुळे लिहिते आहे.

गेल्या जुलैत त्याचा फोन आला. "ताई, कपाशीले काय व्हयनं ते देख." पाठोपाठ फोटो आला. शेंड्याकडची पानं अरुंद, लांबट, बोटं फुटल्यासारखी, अगदी भेंडीच्या पानासारखी दिसत होती. शेंडा पिळवटलेला होता. हे दृश्य तुमच्यापैकी प्रत्येकाने पाहिलं असेल. २,४-डी हे तणनाशक कपाशीवर गेलं की असंच होतं. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. शेजाऱ्याने मक्यात आणि बांधावरच्या गाजरगवतावर २,४-डी मारलं होतं. तोच पंप भावाने मागून आणला, साध्या पाण्याने एकदा खळबळून घेतला आणि त्यातून रसशोषक किडींचं औषध कपाशीवर फवारलं. पंपाच्या तळाशी, नळीत, नोझलमध्ये राहिलेला अंश कपाशीला पुरेसा झाला. कपाशी या तणनाशकाच्या बाबतीत फार हळवी आहे.

भाऊ तालुक्याच्या एका दुकानात गेला. दुकानाचं नाव मी लिहिणार नाही. तिथे त्याला एक बाटली मिळाली आणि शब्द मिळाला की यात विष खाणारे जिवाणू आहेत, मुळाशी आळवणी करा, आठ दिवसांत सगळं २,४-डी खाऊन टाकतील. त्याने आळवणी केली. आठ दिवस गेले, पंधरा गेले, ती पानं तशीच राहिली. पुढे पावसाने साथ दिली, खालून नवी फूट आली आणि झाडं कशीबशी सावरली, पण पहिल्या बहराची पाती गेली ती गेलीच.

त्या दुकानदाराने फसवलं असं मी म्हणत नाही. त्याला कंपनीच्या माणसाने जे सांगितलं तेच त्याने भावाला सांगितलं असणार. पण त्यानंतर तीन तालुक्यांत मी हीच समजूत ऐकली: जमिनीत जिवाणू टाकले की कुठलंही विष नाहीसं होतं. ही समजूत अर्धी खरी आहे म्हणूनच मला तिची जास्त काळजी वाटते. खरा भाग कोणता आणि तो कुठे संपतो, हे मला तुमच्यासमोर नीट मांडायचं आहे. कारण शेतकरी आमच्या प्रयोगशाळेत येत नाही, तुमच्या काउंटरवर येतो.

खरा भाग आधी सांगते, आणि तो सांगताना मला मनापासून आनंद होतो. २,४-डी म्हणजे बेंझिनच्या कड्यावर क्लोरीनचे दोन अणू आणि बाजूला एक आम्लाची शेपटी. १९४० च्या दशकात माणसाने तयार केलेलं तणनाशक. तरीही मातीत असे जिवाणू सापडले जे ते खाऊन वाढतात. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ऑडस यांनी १९४९ मध्येच दाखवलं होतं की मातीतून २,४-डीचं पाणी फिरवत ठेवलं तर सुरुवातीला काही दिवस काहीच घडत नाही, मग ते झपाट्याने नाहीसं होतं, आणि त्याच मातीला दुसऱ्यांदा दिलं तर आधीसारखी वाट पाहावी लागत नाही. मातीला ओळख पटलेली असते. पुढे ऑस्ट्रेलियातल्या एका जिवाणूवर फार काम झालं. त्याचं आजचं नाव क्युप्रिॲव्हिडस पिनाटुबोनेन्सिस, वाण जेएमपी १३४. त्याच्या पोटात डीएनएचं एक सुटं कडं आहे, प्लास्मिड पीजेपी४. २,४-डी पचवायची जनुकं त्या कड्यावर आहेत आणि हे कडं एक जिवाणू दुसऱ्याला देऊ शकतो. आपल्याकडे चांगल्या बियाण्याची मूठ घरोघर जाते, तसंच.

पचनाची रीतही ठाऊक झाली आहे. आधी शेपटी तुटते आणि डायक्लोरोफिनॉल उरतं. मग त्याचं क्लोरोकॅटेकॉल होतं, मग ते कडंच फोडलं जातं, पुढच्या पायऱ्यांत क्लोरीन मिठातल्या क्लोराइडच्या रूपात सुटून जातं आणि उरलेल्या कार्बनवर जिवाणू जगतो. मधलं डायक्लोरोफिनॉल जिवाणूला स्वतःलाच बाधतं. म्हणून पुढची पायरी मंद झाली तर खाणाराच आजारी पडतो. विष खाणं हे त्याच्यासाठीही जोखमीचं काम आहे.

पण हे सगळं पेशीच्या आत घडतं. आत जायचं कसं, इथे माझ्या पत्राचा खरा मुद्दा सुरू होतो.

शेतात पाणी देताना आपण "दारं धरायला गेलो" म्हणतो. पाटात पाणी कितीही असो, सरीचं दार फोडल्याशिवाय झाडाला थेंब मिळत नाही. आमच्या पांझरेवर तर फड पद्धतीत, म्हणजे गावाने मिळून पाटाचं पाणी वाटून घ्यायच्या जुन्या रीतीत, पाटकरी असायचा, कुठलं दार कधी उघडायचं हे तोच ठरवायचा. जिवाणूचंही तसंच आहे. त्याच्याभोवती चरबीचा एक पापुद्रा असतो. २,४-डी पचवणाऱ्या या वाणाला तर बाहेरून आणखी एक आवरण असतं. त्या बाहेरच्या आवरणात पाण्याने भरलेली बारीक छिद्रं असतात, आणि २,४-डीचा रेणू लहान असल्याने तो तिथून सहज शिरतो. अडचण आतल्या पापुद्र्याशी येते. चरबीतून विद्युतभार नसलेला रेणू जातो, भार असलेला जात नाही.

आता आपली काळी जमीन बघा. माती परीक्षणाच्या अहवालात सामू (पीएच) बहुधा साडेसात ते साडेआठ असतो. २,४-डी हे आम्ल आहे, आणि त्याचा निम्मा भाग भाररहित राहायला सामू २.७ च्या आसपास लागतो. सामू ७.७ असेल तर एक लाख रेणूंमध्ये जेमतेम एक रेणू भाराविना असतो. बाकी सगळे ऋणभार घेऊन पापुद्र्याबाहेर उभे राहतात. म्हणजे खान्देशच्या जमिनीत हे तणनाशक जिवाणूच्या तोंडाशी असूनही आपोआप आत जात नाही.

स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये याच जेएमपी १३४ मध्ये या दाराचा शोध घेतला. त्यांना पीजेपी४ वर टीएफडीके नावाचं जनुक सापडलं. ते पापुद्र्यात बसणारं एक प्रथिन बनवतं, आणि हे प्रथिन २,४-डीला आत ओढतं. ओढतं हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण या कामाला पेशीची ऊर्जा खर्च होते. हे जनुक मोडलं तेव्हा २,४-डी आत घेण्याचा वेग पार घसरला. उलट, पचनाची पहिली पायरी करणारं जनुक मोडलेल्या जिवाणूत २,४-डी तरीही आत जात राहिलं. आत घेणं वेगळं आणि पचवणं वेगळं, हे यातून दिसलं. शिवाय हे दार कायम तयार नसतं. २,४-डीची चाहूल लागली की मगच ते बांधलं जातं. ऑडस यांच्या मातीतला सुरुवातीचा थांबा आठवा. त्याचं एक कारण संख्या वाढायला लागणारा वेळ, आणि दुसरं म्हणजे ही सगळी यंत्रणा उभी करायला लागणारा वेळ.

याच प्रथिनाची आणखी एक गोष्ट २००२ मध्ये पुढे आली. हा जिवाणू २,४-डीच्या दिशेने पोहत जातो, आणि टीएफडीके नसेल तर ती ओढ जवळपास उरत नाही. दार आहे म्हणून वासही लागतो. वर्गात हे शिकवताना मी दर वर्षी थांबते. डोळ्यांना न दिसणारा जीव, आणि आपण ओतलेल्या विषाकडे तो स्वतःहून चालत जातो.

आता तुम्ही म्हणाल, विष भरपूर असेल तर एखाद-दुसरा भाररहित रेणू शिरत शिरत काम होईलच की. हो, होतं. मात्रा जास्त असेल तेव्हा दाराविनाही काही प्रमाणात ते आत झिरपतं. पाटाला पूर आला की बांधावरूनही पाणी सरीत उतरतं, तसं. पण मात्रा कमी झाली की झिरपणं निकामी ठरतं आणि दारच लागतं. टीएफडीकेचं काम ज्या मर्यादेत मोजलं गेलं ती लिटरमागे साधारण १३ मिलीग्रॅमपर्यंत होती. पिण्याच्या पाण्यात मात्र २,४-डीची मर्यादा लिटरमागे ०.०३ मिलीग्रॅम आहे, भारतीय मानकातही आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातही. म्हणजे विहिरीतलं पाणी सुरक्षित ठेवायचं तर खरी लढाई अशा बारीक मात्रांवर आहे, जिथे दार नसलेला जिवाणू फारसं काही करू शकत नाही. बाटलीवर कोटीकोटींच्या संख्या छापलेल्या असतात. त्या कोटींपैकी किती जणांना दार आहे, ते कुठेच छापलेलं नसतं.

आणि हाच ऋणभार आपल्या मातीत दुसरं संकट उभं करतो. काळ्या जमिनीची चिकणमाती स्वतः ऋणभारित असते. ती २,४-डीला धरून ठेवत नाही. जिवाणूंनी वेळेवर आत घेतलं नाही तर मोठ्या पावसात ते पाण्याबरोबर खाली उतरतं, नाल्याला लागतं, नाला गिरणेला, बोरीला, पांझरेला मिळतो आणि पुढे तापी. ज्या भारामुळे ते जिवाणूच्या पापुद्र्याबाहेर अडतं, त्याच भारामुळे विष पाण्याबरोबर चालू लागतं. मला वाटतं, एवढी एक गोष्ट समजली तरी तणनाशक विकताना पावसाचा अंदाज विचारायची सवय लागेल.

डीडीटीचं उदाहरण याच्या उलट आहे. तेही क्लोरीन जोडलेल्या कड्यांचंच रसायन. भारत सरकारने १९८९ मध्ये शेतीतला त्याचा वापर बंद केला, तरी जुन्या जमिनींत त्याचे अवशेष आणि त्यापासून झालेलं डीडीई अजून सापडतं. डीडीटीला भार नाही, चरबीत ते सहज विरघळतं, म्हणजे जिवाणूच्या पापुद्र्याची त्याला अडचण नाही. मग ते का उरतं? कारण पाण्यात ते जवळपास विरघळतच नाही, मातीतल्या सेंद्रिय कणांना घट्ट चिकटून बसतं आणि जिवाणूपर्यंत पोहोचतच नाही. एकाला दार नाही म्हणून अडतं, दुसरं दारापर्यंतच येत नाही. शिवाय डीडीटी खाऊन पोट भरण्याची रीत जिवाणूंना २,४-डीइतकी साधलेली नाही. लाकूड टिकवायला वापरल्या गेलेल्या पेंटाक्लोरोफिनॉलची गोष्ट याहून वाईट. ते पापुद्र्यात शिरतं आणि पेशीने साठवलेली ऊर्जाच गळती लावून घालवतं. ज्या ऊर्जेवर दारं चालतात, तीच जाते. अशा तीन तऱ्हेच्या विषांना एकाच बाटलीतला एकच जिवाणू पुरेल, असं कोणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

भावाच्या कपाशीकडे परत येते. तिथे तर हा प्रश्न मुळात उद्भवतच नव्हता. २,४-डी पानांतून झाडाच्या अंगात गेलं होतं, झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करत शेंड्यात बसलं होतं. मुळाशी ओतलेले जिवाणू मातीत राहिले. ते खरोखरच २,४-डी खाणारे असते, तरी पानाच्या आत जाऊन ते काढून आणू शकले नसते. माझ्या मते ती बाटली त्या दिवशी विकायलाच नको होती. भावाला सांगायला हवं होतं की बाबा, आता झाड स्वतःच सावरेल तेवढं सावरेल, पाणी आणि खत सांभाळ, पण पंप वेगळा घे.

तुमच्यापैकी अनेकांनी मॅनेज, हैदराबाद या कृषी विस्तार संस्थेची, कृषी विक्रेत्यांसाठीची देसी पदविका केली आहे. वर्षभर वर्गात बसून, दुकान सांभाळून तुम्ही ती केली, याचा मला आदर आहे. म्हणून विनंतीही त्याच विश्वासाने करते. २,४-डीचा डबा काउंटरवर ठेवाल तेव्हा, "शेजारी कपाशी आहे का? पंप कुठला वापरणार?" हे दोन प्रश्न विचारा. वेगळा पंप घ्यायला सांगा. भाड्याने पंप देत असाल तर तणनाशकाच्या पंपावर लाल रंगाने मोठं लिहून टाका. आपल्याकडे २,४-डी सोडियम क्षार, अमाइन क्षार आणि एस्टर अशा रूपांत मिळतं. एस्टरची वाफ होऊन ती वाऱ्याने लांब जाते, म्हणून कपाशीच्या हंगामात कपाशीच्या गावांत एस्टर देऊ नका. मला ठाऊक आहे, पलीकडच्या दुकानात ते मिळेल आणि गिऱ्हाईक तिकडे जाईल. म्हणूनच मी एका दुकानाला न लिहिता सगळ्यांना एकदम लिहिते आहे.

दुसरी विनंती जिवाणूंबद्दल. रायझोबियम, अझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे जिवाणू यांची कामं ठरलेली आहेत आणि ती विकायला माझी काहीच हरकत नाही. त्यांना २,४-डी खाता येतं असं मात्र सांगू नका. आणि शेतकऱ्याने तणनाशकाचा अंश जमिनीत राहण्याची भीती बोलून दाखवली, तर बाटलीच्या आधी त्याच्या जमिनीची विचारपूस करा. त्या जमिनीत कदाचित दार असलेले जिवाणू आहेतच, फक्त ते उपाशी, कोरडे पडले आहेत. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तापलेल्या रानात जिवाणू झोपलेला असतो. दार बांधायला त्याला ओल लागते, हवा लागते आणि सेंद्रिय कर्ब लागतो. आपल्याकडे कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर पेटवून देतात. त्या बारीक करून जमिनीत गाडल्या, शेणखत, कंपोस्ट घातलं, तर त्या जमिनीतला जिवाणू तुमच्या बाटलीतल्यापेक्षा जास्त भरवशाचा असतो. बाहेरून आणलेला जिवाणू स्थानिकांच्या गर्दीत टिकत नाही, मातीतले सूक्ष्म प्राणी त्याला खाऊन टाकतात, हा अनेक ठिकाणचा अनुभव आहे. एखादी कंपनी विष खाणारा जिवाणू घेऊन आलीच, तर तिच्या प्रतिनिधीला विचारा: जिवाणूचं नाव काय, कुठल्या रसायनावर वाढवून पाहिला, किती कमी मात्रेपर्यंत तो काम करतो? उत्तर कागदावर मागा.

आणि कागद मिळाला नाही तर बाटली माझ्याकडे आणा. ही तपासणी अवघड नाही, आमच्या पदवीच्या मुली करतात. क्लोराइड नसलेल्या साध्या क्षारांच्या पाण्यात मोजून थोडं २,४-डी टाकायचं, खायला दुसरं काहीही ठेवायचं नाही, आणि बाटलीतला एक थेंब त्यात सोडायचा. शेजारी थेंब न टाकलेला दुसरा फ्लास्क ठेवायचा. थेंबाबरोबर बाटलीतलं आधीचं खाद्य जाऊ नये म्हणून जिवाणू आधी धुऊन घ्यायचे. मग दोन आठवडे हलवत ठेवायचं. जिवाणूला २,४-डी आत घेता येत असेल आणि पचवताही येत असेल तर पाणी गढूळ होईल, आणि चांदीच्या नायट्रेटचा थेंब टाकला की सुटलेल्या क्लोराइडचा पांढरा साका दिसेल. नसेल तर पाणी जसंच्या तसं नितळ राहील.

यासाठी मी एक पैसाही घेणार नाही. बाटली मात्र सीलबंद असू द्या, तुमच्यासमोरच उघडू.

आपली,
पांझरेकाठची एक शेतकऱ्याची मुलगी आणि सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका